हवा-पाणी सगळ्यांना सारखंच, मग आजार यांनाच का?

सातपुड्याच्या पायथ्याशी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याने विचारलंय: "गावात हवा, पाणी, ऊन सगळ्यांना सारखंच. तरी ओपीडीत गर्दी असते ती पावरा-भिल्ल वस्तीतल्या माणसांची, सालदारांची (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांची) आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बायांची. यामागे पर्यावरण आहे असं वरिष्ठ म्हणतात. मला मात्र दारू, अस्वच्छता आणि उशिरा येणं हीच कारणं दिसतात. नेमकं काय धरायचं, आणि ते तपासणीत दिसणार कसं?"

डॉक्टर, तुमच्या प्रश्नातलं पहिलंच वाक्य आधी तपासून घेऊ. गावात ऊन-पाणी सारखं असतं ते हवामान खात्याच्या नोंदीत. माणसाच्या अंगाला त्यातलं किती लागतं हे त्याचं काम, त्याचं घर आणि त्याच्या अंगात आधीच काय कमी आहे यावर ठरतं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात ठिबकच्या नळ्यांवर पूर्वहंगामी कपाशी टोबणारी बाई आणि त्याच गावात कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसलेला माणूस, दोघांच्या गावाचं तापमान एकच, पण अंगावर पडणारं ऊन एक नाही.

चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात फिजिशियन म्हणून माझं बरंचसं आयुष्य गेलं. तिथे शिकलेली मुख्य गोष्ट ही की आपण मर्यादा एकेका पदार्थाची ठरवतो, आणि शरीर सगळं एकदम सोसतं. पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा वेगळी, हवेतल्या धुळीची वेगळी, कीटकनाशकाची वेगळी. अशा बऱ्याच मर्यादा ठरवताना समोर धरलेला असतो तो बहुधा चांगला पोसलेला, धडधाकट प्रौढ. तुमच्या ओपीडीतली बाई ४० किलोची, हिमोग्लोबिन ८, दिवसभर निंदणी, संध्याकाळी चूल, रात्री पत्र्याखाली झोप. तिच्यासाठी कोणी मर्यादा काढलेली नाही. ती तुम्हाला बाकावर बसूनच काढावी लागते.

फवारणीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण जुलैपासून तुमच्याकडे सगळ्यात जास्त चुकण्यासारखं तेच आहे.

सालदाराचं वर्ष आपल्याकडे आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास ठरतं. उचल घेतली की वर्षभर मालक सांगेल ते काम. कपाशीवर मावा-तुडतुडे आले, बोंडअळी आली की पाठीवर पंप चढतो. पंप जुना असतो, झाकणाचं वायसर गेलेलं असतं, आणि द्रावण पाठीवरून कमरेत, कमरेवरून जांघेत उतरतं. आपण विद्यार्थ्यांना शिकवतो की विष नाका-तोंडातून जातं. फवारणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते मुख्यतः कातडीतून जातं. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या जुन्या प्रयोगांत दिसलं होतं की हाताच्या कातडीपेक्षा कपाळाची कातडी सुमारे ४ पट आणि अंडकोशाची सुमारे १२ पट औषध शोषते. त्यात ऑगस्टचं दमट ऊन. घामाने ओली, गरम, रक्त भरलेली कातडी आणखी जास्त शोषते. म्हणून नुसता तोंडाला रुमाल बांधलेला सालदार "काळजी घेतली होती" असं म्हणतो तेव्हा तो खरं बोलत असतो, पण भिजलेली विजार त्याच्या अंगावर दुपारभर तशीच असते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती, अळीमुळे फवारण्या वाढल्या होत्या, दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवली जात होती आणि हवा दमट होती. यातली कोणती गोष्ट खानदेशात होत नाही? कीटकनाशक, बुरशीनाशक, वर "टॉनिक" असं सगळं एकाच पंपात टाकणं आपल्याकडेही सर्रास चालतं. प्रत्येक बाटलीवरचं प्रमाण त्या एकट्या बाटलीपुरतं लिहिलेलं असतं.

असा रुग्ण तुमच्यासमोर येतो तेव्हा "मला विषबाधा झाली" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "डोकं दुखस, चक्कर येस." उलट्या, जुलाब, घाम, तोंडाला पाणी, पोटात कळा. गॅस्ट्रोच्या साथीच्या दिवसांत तो सहज गॅस्ट्रो ठरतो. चाल डगमगती असेल तर पिऊन आला असं कोणीतरी म्हणतं. बाहुल्या पाहा. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतील, छातीत घरघर असेल, दंडाचे-मांडीचे स्नायू कातडीखाली वळवळताना दिसत असतील, तर कीटकनाशकांचा ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट गट धरा आणि रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबू नका. कपडे काढा, साबण-पाण्याने केसांसकट आंघोळ घाला, हे करणाऱ्या नर्सला हातमोजे द्या. ॲट्रोपिन हा उतारा छाती मोकळी होईपर्यंत, नाडी आणि रक्तदाब सावरेपर्यंत वाढवत न्या. बाहुली मोठी झाली म्हणून थांबू नका, आणि लहानच राहिली म्हणून देत राहू नका.

दुसऱ्या दिवशी त्याला बरं वाटतं, घरचे "सोडा" म्हणतात, मालकाचाही फोन येतो. तेव्हा एक गोष्ट कराच. त्याला उताणं झोपवून सांगा, "उशीवरून डोकं उचल." मान उचलता येत नसेल तर तो बरा झालेला नाही. पहिल्या एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात, त्या वेळी तोंडाला लाळ नसते, बाहुल्याही ठीक असतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. मग माणूस घरी श्वास थांबून जातो. मान उचलून दाखवायला काही खर्च नाही. अशा रुग्णाला व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणीच हलवायचं.

औषधाचं नाव सालदाराला बहुधा माहीत नसतं, कारण बाटली मालकाच्या घरी असते. मालकाला फोन करून बाटलीचा फोटो मागवा. लेबलवरच्या चौकोनात खालचा त्रिकोण लाल असेल तर अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. तणनाशक पॅराक्वाट निघालं तर सगळा हिशेब बदलतो. त्याला उतारा नाही, आणि गरज नसताना ऑक्सिजन लावला तर फुफ्फुसाचं नुकसान वाढतं.

हे झालं एकदम लागलेल्या विषाचं. त्याहून जास्त माणसं थोडं-थोडं घेत राहतात. नवऱ्याचे फवारणीचे कपडे हाताने धुणारी बाई. फवारणीनंतर एक-दोन दिवसांत निंदायला पाठवलेल्या मजूर बाया. बांधावरच्या लिंबाला झोळी बांधून त्यात ठेवलेलं तान्हं. बाळ किलोमागे मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतं, त्याची कातडी वजनाच्या मानाने मोठी, आणि मेंदू अजून घडतोय. अंगणवाडी सेविकेला एवढंच सांगून ठेवा की फवारणीच्या दिवसांत झोळी शेतात जाऊ नये, तेवढ्या दिवसांत लेकरू तिच्याकडे आणून सोडायला आईला हक्काने सांगावं. ही सूचना आमच्या भागात लवकर पटली, कारण आयांनाही तो वास नको असतो.

आता ऊन. उष्माघात तुम्हाला ओळखता येतो: अंग ४० अंशांच्या वर, बरळणं, झटके. आधी गार करा, मग पाठवा. ॲम्ब्युलन्सची वाट पाहत ओली चादर आणि पंखा सुरू ठेवा. पण उष्माघाताचे रुग्ण थोडे. उन्हाने सावकाश बिघडणारे जास्त, आणि त्यांची कुठे नोंद होत नाही.

बायांची गोष्ट घ्या. शेतात आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणीच कमी पितात. दुपारी लघवीला जळजळ, संध्याकाळी अंगदुखी. अंगदुखीवर गावातला डॉक्टर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन देतो, किंवा किराणा दुकानातून गोळी येते. सुकलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी तोडते. एका दिवसाने काही होत नाही. पण नंदुरबार-धुळ्याकडचे कोयते (ऊसतोड मजुरांच्या जोड्या) दिवाळीनंतर मुकादमाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परततात. इतके महिने रोज हेच चक्र चालतं. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांत मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंडं निकामी, असं मोठ्या प्रमाणावर दिसलं आणि उन्हातलं कष्टाचं काम हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. तुमच्याकडे चाळिशीचा, गोड लघवी नसलेला, क्रिएटिनिन ३ (म्हणजे मूत्रपिंड बिघडलेलं) असलेला तोड मजूर आला तर "कारण अज्ञात" लिहिण्याआधी त्याला विचारा: किती वर्षं कोयता, रोज किती पाणी, आठवड्यात किती गोळ्या.

या सगळ्यात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, वेगळाच. भिल्ल, पावरा, मावची समाजात तो आहे हे तुम्हाला माहीतच आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून कार्डंही वाटली जाताहेत. पण कार्ड देताना उन्हाबद्दल कोणी बोलत नाही. पाणी कमी पडलं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाटतं आणि पेशी वाकतात, एवढं पुस्तकात असतं. त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट आहे. सिकलसेलच्या रुग्णाचं मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही, म्हणजे पाणी कमी असतानाही त्याच्या अंगातून पाणी जातच राहतं. त्याच बांधावर, त्याच उन्हात, बरोबरीच्या माणसापेक्षा तो आधी सुकतो. मग हाडं फोडणाऱ्या वेदना सुरू होतात, आणि मुकादम म्हणतो कामचोर आहे. नुसता वाहक असलेल्यालाही कडक उन्हातल्या अति कष्टांत जास्त धोका असतो. म्हणून माझा आग्रह असतो की सिकलसेलचा रुग्ण तोडीला निघण्याआधी त्याला हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, जलसंजीवनीची पाकिटं आणि मुकादमाला दाखवता येईल अशी मराठीतली आणि गुजरातीतली चिठ्ठी द्या. चिठ्ठीचा उपयोग होतो. तिकडच्या डॉक्टरला पहिल्याच तासात कळतं की समोर काय आहे.

घराचंही पाहा. खानदेशातलं जुनं धाब्याचं घर मातीच्या छपराचं, दुपारी आत गारवा. ते गळतं, दर वर्षी माती घालावी लागते, म्हणून पत्रा आला. पत्र्याखाली रात्री दहालाही भिंत हाताला गरम लागते. दिवसा तापलेल्या शरीराला रात्री निवायला हवं असतं, ते मिळत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात "रात्री झोप नाही, छातीत धडधड" म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांना झोपेची गोळी लिहिण्याआधी छप्पर कशाचं आहे ते विचारा. पत्र्यावर चुना मारणं, कडब्याचा थर टाकणं हे उपाय जुनेच आहेत आणि लागू पडतात.

धुराबद्दल थोडक्यात. २४ तासांच्या सरासरीत बारीक धुळीची, म्हणजे पीएम २.५ ची, आपल्या देशाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. बंद खोलीत चूल पेटली की आकडा कित्येक शेवर जातो. उज्ज्वला योजना २०१६ ची, टाकी बहुतेक घरात पोचली, पण भरून आणायला पैसे लागतात आणि सातपुड्यात सरपण हाताशी असतं, म्हणून भाकरी चुलीवरच होते. आयुष्यात बिडी न ओढलेली पन्नाशीची बाई दम लागतो म्हणून आली तर ती सीओपीडीची, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराची, रुग्ण असू शकते. तिला "दमा" म्हणून फक्त डेरिफायलिनवर ठेवू नका. यात रक्तक्षयाचा भाग विसरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांना रक्तक्षय होता. चुलीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड उरलेल्या हिमोग्लोबिनचाही काही भाग अडवून ठेवतो. म्हणजे धूर तेवढाच, पण हिमोग्लोबिन ८ असलेलीला तो जास्त महागात पडतो.

हंगामी धूळही ध्यानात ठेवा. नंदुरबारच्या मिरची पथारीवर (मिरच्या वाळवायच्या मैदानावर) बाया दिवसभर देठं खुडतात, तोंडाला दोन पदरी फडकं, तरी खोकला आणि हातांची आग घेऊन घरी जातात. त्याच हाताने लेकराला पाजायचं असतं. पथारीवर साबणाची वडी आणि तेलाची बाटली ठेवायला लावणं हे ठेकेदाराला न परवडणारं काम नाही. आधी तेल चोळायचं, मग साबण. तिखट पाण्याने जात नाही. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या) मजुरात मात्र एक खूण विचारून घ्या: सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढे आठवडाभर कमी होत जाते का? तसं असेल तर ते कापसाच्या धुळीचं दुखणं, साधी सर्दी नव्हे. आणि विटा पाडणारे, राख-खडी वाहणारे मजूर टीबीच्या औषधांनी सुधारत नसतील तर सिलिकाची, म्हणजे दगड-वाळूच्या बारीक धुळीची, आठवण ठेवा. दोन्ही एकत्रही असतात.

पाण्याचं. रावेर-यावलकडे केळीला खत आणि पाणी दोन्ही भरपूर. भूजल खोल गेलंय आणि खताचं नायट्रेट खाली झिरपतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आतल्या, वरचं दूध पिणाऱ्या बाळाला याचा सगळ्यात जास्त धोका. ओठ-नखं राखाडी-निळी, ऑक्सिजन देऊनही रंग बदलत नाही, रक्त चॉकलेटी. इथे आपलाच नेहमीचा सल्ला उलटा पडतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही, पाणी आटेल तसं उलट दाट होतं. ज्याच्या घरी आरओ आहे किंवा जारचं पाणी येतं त्याच्या बाळाला हा प्रश्न कमी. मळ्यातल्या खोलीत राहणाऱ्या सालदाराचं बाळ विहिरीच्याच पाण्यावर वाढतं. म्हणून ग्रामपंचायत नमुना पाठवते तेव्हा नळाबरोबर मळ्यातल्या विहिरीचाही नमुना जाईल एवढं पाहा.

आता तुमचं म्हणणं: दारू, अस्वच्छता, उशीर. दारू आहे, आणि ती यकृत, पोषण, घर सगळं बिघडवते. त्याबद्दल रुग्णाशी स्पष्ट बोला. पण दारू न पिणाऱ्या बाया आणि लेकरं तुमच्या त्याच रांगेत उभी आहेत, हेही मोजा. अस्वच्छता म्हणाल, तर दोन हंडे पाण्यात सहा माणसांनी भागवायचं असेल तेव्हा फवारणीनंतर आंघोळ करा हा सल्ला कशाच्या जोरावर द्यायचा? आणि उशीर? एक दिवस दवाखान्यात गेला की रोज बुडतो, सालदाराच्या हिशेबात खाडा लागतो. माणूस उठता येत नाही तोवर येत नाही, ते या हिशेबामुळे. ही कारणं खोटी नाहीत, पण ती आजाराच्या मागून येतात, आणि आपण त्यांनाच सुरुवात समजून केसपेपर बंद करतो.

कागदावरही हीच माणसं गळतात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात सुरक्षा अनुदान योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा बसते, पण लाभ वहितीधारक खातेदाराला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. दुसऱ्याच्या शेतात फवारणारा भूमिहीन सालदार त्यात नाही. त्याच्या हातात पुढे काही लागायचं असेल तर ते तुमच्या नोंदीवर अवलंबून राहील. म्हणून "विषबाधा" एवढंच लिहून सोडू नका. "कामावर असताना फवारणी करताना, कातडीवाटे" असं लिहा, औषधाचं नाव, तास, शेताचा गाव लिहा. "विष प्राशन" हे शब्द सवयीने पडतात, आणि ते एकदा पडले की पोलीस, विमा, नातेवाईक सगळे ती आत्महत्या धरून चालतात.

तपासणीत हे दिसणार कसं, तर विचारल्याशिवाय दिसणार नाही. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये वय-लिंगाच्या पुढे हाताने एक रकाना आखा: काम. "शेती" लिहू देऊ नका. फवारणी, निंदणी, वेचणी, ऊसतोड, पथारी, जिनिंग, वीटभट्टी असं लिहायला लावा. त्यापुढे: शेवटचं काम कधी केलं. एवढ्यावर दोन महिन्यांत तुम्हाला दिसू लागेल की कोणत्या आठवड्यात कोणत्या पाड्यावरून चक्कर-उलटी येते. मग तालुका कृषी अधिकाऱ्याकडे मोघम तक्रार न नेता गाव आणि तारीख घेऊन जाता येतं. आशाताईंना यात घ्या, त्यांना कोणत्या मळ्यात कधी पंप चालू आहे हे तुमच्या आधी कळतं.

आणि पाऊस पडायच्या आधी एक काम करून ठेवा. नेहमी फवारणी करणाऱ्या सालदारांची यादी करा आणि त्यांचं लाल पेशींतलं कोलिनएस्टरेज, म्हणजे ही कीटकनाशकं ज्याला निकामी करतात ते विकर, तपासायला जिल्ह्याला पाठवायची व्यवस्था लावा. नमुना गार ठेवून न्यावा लागतो, तेवढी काळजी घ्या. नुसतं प्लाझ्मातलं तपासलं तर कुपोषणात आणि यकृताच्या आजारात ते तसंही कमी येतं, आणि तुमचे निम्मे लोक त्यातच मोडतील. म्हणून छापील नॉर्मलशी तुलना करू नका, त्याच माणसाच्या हंगामाआधीच्या आकड्याशी करा. ऑगस्टमध्ये आकडा आधीच्या ७० टक्क्यांवर किंवा खाली आला की लक्षणं असोत-नसोत, तो माणूस पंपाखालून काढायचा आणि आकडा परत चढेपर्यंत दुसऱ्या कामाला लावायचं. मालकाशी हे बोलणं तुम्ही स्वतः करा, कंपाउंडरवर सोडू नका. डॉक्टर घरी येऊन सांगतो तेव्हा बरेच मालक ऐकतात. पहिल्या फेरीचे आकडे आले की मला पाठवा, आपण दोघं मिळून ते पाहू.